दाढेचा हिशेब

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीने एक सवय हाडीमाशी रुजवली आहे. घरात आलेली प्रत्येक पावती मी तारखेनुसार फाइलला लावतो. गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये ठाण्यातील एका दंतचिकित्सकांची पावती आहे. रूट कॅनल आणि कॅप, एकूण ११,२०० रुपये, रुग्णाचे वय १४. हा माझा नातू. त्याच महिन्यातला आणखी एक कागद त्या फाइलमध्ये असू शकला असता. तोही १४ वर्षांच्याच मुलीचा, डाव्या बाजूच्या त्याच खालच्या दाढेचा. तो माझ्याकडे नाही, कारण त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलोच नव्हतो. त्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. आज लिहितो आहे.

आम्ही उभयता डोंबिवली पूर्वेला, जुन्या सोसायटीत राहतो. मुलगा, सून आणि नातू ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर असतात. आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या ताई गेली नऊ वर्षे येत आहेत. त्या एकूण पाच घरची कामे करतात. त्यांची मुलगी जवळच्या अनुदानित मराठी शाळेत नववीत शिकते. शाळा सुटल्यावर ती आमच्याकडे येते, जेवणाच्या टेबलाशी बसून अभ्यास करते आणि आईची कामे आटोपली की तिच्याबरोबर घरी जाते. मला ती आजोबा म्हणते. नातूही नववीतच आहे. दोघांच्या वयात जेमतेम चार महिन्यांचे अंतर.

भाद्रपदात पर्युषण संपल्यानंतरच्या रविवारी मुलाचे कुटुंब आमच्याकडे जेवायला आले होते. नातू एकाच बाजूने चावतो आहे, हे प्रथम सौभाग्यवतींच्या लक्षात आले. दोन-तीनदा विचारल्यावर त्याने सांगितले की दाढ दोन महिन्यांपासून दुखते आहे. इतके दिवस का बोलला नाहीस, तर उत्तर नाही. पुढे हळूहळू कळले. क्लास रात्री नऊला सुटतो. मधल्या सुट्टीत शीतपेय आणि बिस्किटे ठरलेली. दाढेचे नाव काढले की त्या बिस्किटांचे नाव निघणार, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याच्या घरातल्या रिवाजावरून व्याख्यान ऐकावे लागणार, ही त्याची धास्ती. मुलांना दुखण्याचे भय कमी आणि बोलणी खाण्याचे भय अधिक असते, हे आपण मोठी माणसे विसरतो.

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्याबरोबर ठाण्याला गेलो. त्यांच्या संकुलाच्या खालीच दवाखाना आहे आणि तो रविवारीही काही तास उघडा असतो. डॉक्टरांनी तिथल्या तिथे एक्स-रे काढून पडद्यावर दाखवला. दाढ वाचणार होती. पुढच्या तीन भेटी क्लास सुटल्यावर रात्री साडेनऊच्या झाल्या. शाळेचा एक दिवस बुडाला नाही, मुलाला वा सुनेला कामावरून रजा घ्यावी लागली नाही. पैसे फोनवरून अर्ध्या मिनिटात दिले गेले.

डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगण्याची हातोटी चांगली होती. त्यांच्याकडून मला एक गोष्ट प्रथमच कळली. सहाव्या वर्षाच्या सुमारास जी पहिली मोठी दाढ येते ती कोणताही दुधाचा दात पडल्याविना, सर्वांत मागे, गुपचूप उगवते. त्यामुळे ती दुधाचीच आहे, पडेल आणि नवी येईल, असे समजून आईवडील तिच्याकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात ती कायमची असते. चौदाव्या वर्षापर्यंत तिने आठ वर्षे साखर सोसलेली असते. दाताच्या बाहेरच्या कवचात नसही नसते आणि रक्तही नसते; म्हणून तिथे कीड लागते तेव्हा दुखत नाही, आणि गेलेला भाग शरीराला भरूनही काढता येत नाही. दुखू लागते ते कीड आत उतरल्यावर. कोवळ्या वयात आतली मज्जा, जिला आपण बोलण्यात नस म्हणतो, आकाराने मोठी असते. त्यामुळे कीड तिथवर लवकर पोचते. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे. प्रत्येक घासानंतर अर्ध्या तासापर्यंत तोंडात आम्ल राहते आणि तेवढा वेळ दात झिजत असतो. ठरलेल्या वेळी जेवावे, जेवणानंतर खळखळून चूळ भरावी आणि मधल्या वेळी तोंड बंद ठेवावे, हे आजीने सांगितले होते तेव्हा आम्ही त्याला जुनाटपणा समजत होतो.

त्याच आठवड्यात, बहुधा बुधवारी, ताईंची मुलगी अभ्यासाला आली तेव्हा तिचा डावा गाल सुजलेला होता. मी विचारले. ती म्हणाली, "दाढ दुखतेय आजोबा, होईल बरी." मी तिला लवंग दिली, घरातली एक वेदनाशामक गोळी दिली आणि आईला सांग असे बजावले. नंतर वर्तमानपत्र उघडून बसलो. तीन दिवसांपूर्वी याच वयाच्या, याच दाढेच्या दुखण्यासाठी मी अंगातले कपडे न बदलता ठाणे गाठले होते, हे त्या वेळी माझ्या मनातही आले नाही.

सोमवारी ती आली तेव्हा सूज उतरली होती. गालात कापसाचा बोळा होता. दाढ काढून टाकली होती.

मी ताईंना विचारले, काढलीत कशाला? त्या हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. "सरकारी दवाखान्यात नेलं होतं काका. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, वाचेल, पण मोठ्या रुग्णालयात जायचं, चार-पाच वेळा बोलावतील. चार-पाच खाडे झाले तर दोन घरं तरी जातील माझी. काढली. एका दिवसात मोकळी झाली." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. हिशेब होता, आणि त्यांच्या परिस्थितीत तो अचूक होता. माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हते.

दाढ काढली म्हणजे प्रकरण संपत नाही, हे ठाण्याच्या डॉक्टरांनी मला त्याच आठवड्यात सांगितले होते. मोकळ्या जागेकडे शेजारची दाढ झुकू लागते, वरची दाढ खाली उतरू लागते, चावण्याचा सगळा भार दुसऱ्या बाजूवर पडतो. चौदाव्या वर्षी गेलेल्या दाढेची उणीव पुढे पन्नास-साठ वर्षे सोबत राहते.

चार-पाच दिवसांनी ती गणिताची वही काढत असताना तिच्या कंपासपेटीतून एक घडी घातलेला कागद पडला. उचलून दिला तेव्हा वर आरोग्य तपासणीचे छापील नाव दिसले, म्हणून तिला विचारून उघडला. शाळेत आलेल्या वैद्यकीय पथकाने दिलेली ती चिठ्ठी होती. दंतक्षय, खालची डावी दाढ, पुढील उपचारासाठी रुग्णालयात पाठवावे. तारीख आदल्या वर्षीच्या डिसेंबरची. म्हणजे दाढ काढण्यापूर्वी तब्बल नऊ-दहा महिने. उजव्या दाढेपुढेही सुरुवातीच्या किडीची खूण होती.

"आईला दाखवली नाहीस?" असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तेव्हा दुखत नव्हतं. आणि दाखवली असती तर आईला सुट्टी घ्यावी लागली असती."

नातवाने बोलणी बसतील म्हणून दुखणे लपवले, तिने आईचा खाडा होईल म्हणून. दोघेही चौदा वर्षांचे, दोघेही गप्प. पण त्याचे मौन मोडल्यावर तासाभरात उपचार सुरू झाले. तिचे मौन तर कागदावर लिहून तिच्या हातात दिलेले होते आणि तरीही दाढ गेली.

ही चिठ्ठी ज्या योजनेतून आली तिची माहिती मी नंतर मिळवली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम असे तिचे नाव. देशभरातील या योजनेचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते; स्वतंत्र जिल्हा ते १ ऑगस्ट २०१४ रोजी झाले. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची सुमारे तीस आजारांसाठी तपासणी करायची, त्यात दातांची कीडही येते. वैद्यकीय पथक अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जाते. दोष आढळला तर मुलाला पुढच्या रुग्णालयाकडे पाठवायचे, अशी रचना आहे.

यातली एक बाब मला विशेष जाणवली. नातवाची शाळा खाजगी विनाअनुदानित, फी भरभक्कम. ती या तपासणीच्या कक्षेत येत नाही. त्याच्या तोंडात आजवर कोणी डॉक्टरांनी डोकावले नव्हते. त्याची कीड सापडली ती आजीच्या नजरेने, तीही दुखू लागल्यावर. सरकारी व्यवस्थेने ताईंच्या मुलीची कीड मात्र दुखण्याच्या कितीतरी आधी पकडली होती. सापडणे सरकारी बाजूला लवकर झाले, बरे होणे खाजगी बाजूला. मधला दुवा कुठे तुटला, हा प्रश्न मला सोडवेना.

मुळात हा प्रश्न दोन मुलांपुरता नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर मुखआरोग्याची पाहणी केली होती. तीत बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ६३.१ टक्के मुलांच्या दातांत कीड आढळली. पाहणी जुनी आहे, पण त्या दोन आकड्यांमधला फरक पाहण्यासारखा आहे. जी तीन वर्षे आपण मुलांच्या गुणपत्रिकेकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो, त्याच तीन वर्षांत कीड लागलेल्यांची संख्या दहातल्या पाचांवरून सहांच्या पुढे जाते.

खाजगी दवाखाने लुबाडतात, असे सरसकट म्हणण्याची पद्धत आहे. मला तसे म्हणता येत नाही. कर्ज विभागात असताना तरुण दंतचिकित्सकांचे अर्ज मी स्वतः तपासले आहेत. रुग्णाची खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे यंत्र, उपकरणे निर्जंतुक करण्याचे यंत्र, गाळ्याची अनामत. पहिला रुग्ण येण्यापूर्वीच हप्ता सुरू झालेला असतो. ठाण्यात मोक्याच्या जागी भाडे भरून, रात्री दहापर्यंत दिवा लावून बसणाऱ्या डॉक्टरांच्या ११,२०० रुपयांत यंत्राचा घसारा आणि बँकेचे व्याजही असते. त्यातच भर म्हणजे बहुतेक आरोग्य विम्यांत दातांच्या नेहमीच्या उपचारांना संरक्षण नसते. अपघात झाला तरच काही मिळते. त्यामुळे ही रक्कम थेट खिशातून जाते. ताईंची पाच घरची मिळून महिन्याची कमाई जवळजवळ तेवढीच आहे. एक दाढ म्हणजे एका महिन्याचे घर.

उलट सरकारी बाजूला पैशाचा अडसर बराच कमी झाला आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. शासकीय दंत महाविद्यालयांत शुल्क आकारले जाते, पण ते खाजगीच्या तुलनेत अगदीच थोडे. नेरुळ, खारघर, कामोठे येथे खाजगी दंत महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी रुग्ण हवे असल्याने अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांतले दर बाहेरच्या दवाखान्यापेक्षा कमी असतात. मग अडते कुठे?

एम.कॉम.ला असताना आम्हाला शिकवले होते की कोणत्याही गोष्टीची खरी किंमत तिच्यासाठी मोजलेल्या पैशांत नसते. तिच्यापायी जे सोडावे लागते त्यात असते. परीक्षेत त्यावर चांगले गुण मिळाले. अर्थ कळला तो ताईंच्या उत्तरात. खाजगी दवाखाना पैसा मागतो, सरकारी रुग्णालय वेळ मागते. बाह्यरुग्ण विभाग बहुधा सकाळचा; तीच मुलांच्या शाळेची वेळ, तीच ताईंच्या कामाची. केस पेपर, तपासणी, एक्स-रे, मग नेमून दिलेली तारीख. रूट कॅनलला चार फेऱ्या, दाढ काढायला एक. ज्याच्याजवळ वेळ विकूनच पोट भरावे लागते, तो एक फेरीचा उपाय निवडणार. आणि चौदा वर्षांच्या मुलाला या दोन्ही ठिकाणी एकट्याने जाता येत नाही. सोबत मोठे माणूस हवे, संमतीच्या कागदावर पालकांची सही हवी. गरिबाच्या मुलाची दाढ जाते ती डॉक्टर नाहीत म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा बरोबर जायला माणूस मोकळा नाही म्हणून जाते.

उजवी दाढ अजून शिल्लक होती. प्रथम मी नेहमीचा मार्ग धरला. ताईंना म्हणालो, ठाण्याला नेऊ, पैसे मी देतो. त्यांनी मान हलवली. "तुम्ही द्याल काका, पण फेडायचे मलाच." मी त्यांना परत मागणार नाही असे सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही मागणार नाही. मला तरी ते दिसत राहतील ना." आयुष्यभर कर्जे मंजूर करणाऱ्या माणसाला ऋणाचा हा अर्थ नव्याने शिकावा लागला. मग सौभाग्यवतींनी व्यवहार्य तोड काढली. ताईंच्या उरलेल्या चार घरांत फोन करून त्यांनी विनंती केली की एका दिवसाचा खाडा कापू नका. मुलीचे काम आहे. चारही घरांनी होकार दिला. विचारले कोणी नव्हते, एवढेच.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी आम्ही चौघे जलद लोकलने निघालो. तिघी महिलांच्या डब्यात, मी ज्येष्ठांच्या राखीव आसनांच्या डब्यात. बॅलार्ड इस्टेटमधल्या शाखेत मी अकरा वर्षे होतो. तेवढी वर्षे रोज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या पूर्वेच्या दाराने, पी. डी'मेलो मार्गाने चालत गेलो. त्या वाटेवर सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. १९४५ साली स्थापन झालेली संस्था. तिची पाटी मी हजारो वेळा वाचली असेन, आत मात्र कधी पाऊल टाकले नव्हते. मुंबई सेंट्रलजवळचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय तर त्याहूनही जुने, १९३३ सालचे. शतकाजवळ पोचलेल्या या संस्था आमच्या लोकलच्या पासात सामावलेल्या होत्या, आणि दाताचे काही निघाले की आम्ही नाक्यावरच्या दवाखान्यापलीकडे पाहत नव्हतो.

गर्दी होती. शहापूर-मुरबाडकडून पहाटे निघालेली माणसे रांगेत होती. गणवेशातली मुलेही होती. केस पेपर काढला, तपासणी झाली, एक्स-रे झाला. एका शिकाऊ डॉक्टर मुलीने दाढ पाहिली, टोकदार उपकरणाने हळूच तपासली आणि आपल्या प्राध्यापकांना बोलावले. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरून तिलाच प्रश्न विचारले. तिने उत्तरे दिली, एक चुकले, त्यांनी दुरुस्त केले. ठाण्याच्या दवाखान्यात एका डॉक्टरांनी पाहिले होते, इथे दोघांनी पाहिले. विद्यार्थी हात मारतात म्हणून सरकारी दंत रुग्णालयाची भीती बाळगणाऱ्यांनी ही बाजूही लक्षात घ्यावी. रांग लांब असते, काम सावकाश चालते. पण त्या सावकाशीत शिकवणे असते आणि शिकवण्यात तपासणे असते.

कीड खोल गेली होती, तरी दाढ वाचण्यासारखी होती. ताईंनी संमतीच्या कागदावर सही केली. पुढच्या तारखांना आम्ही दोघे आजी-आजोबा म्हणून तिला घेऊन आलो तरी चालेल का, हे विचारून घेतले. चालेल म्हणाले.

नंतरच्या तीन फेऱ्या आम्ही केल्या. दिवाळीच्या सुट्टीतल्या फेरीला नातूही हट्टाने आला. तिची डावी दाढ काढल्याचे कळल्यापासून तो एकच प्रश्न विचारत होता, "तिनं माझ्यासारखं रूट कॅनल का नाही केलं?" त्याला सांगून पटणार नव्हते. बाकावर अडीच तास बसल्यावर त्याने स्वतःच विचारले, "आजोबा, इथं रोज येणाऱ्यांचे आईबाबा कामावर कधी जातात?" मी म्हटले, जात नाहीत. तो पुढे काही बोलला नाही. परतताना दोघे आपापल्या दाढांची तुलना करत होते. किती इंजेक्शने, कोणाला जास्त दुखले. त्यात तिचीच सरशी झाली.

उजवी दाढ वाचली. डावीकडची जागा मोकळी आहे आणि मोकळीच राहणार, निदान ती मोठी होईपर्यंत. आमच्या चार खेपांचा एकूण खर्च माझ्या वहीत आहे. तो माझ्या नातवाच्या पावतीच्या दहाव्या भागाइतकाही नाही. वेळ मात्र चार पूर्ण सकाळी लागला. हिशेबाच्या दृष्टीने सांगायचे तर त्या सकाळी माझ्याकडे फुकट पडून होत्या. डाव्या दाढेच्या वेळीही त्या तशाच पडून होत्या, ही गोष्ट मात्र मला कोणत्याच खात्यात बसवता येत नाही.

आपल्या परंपरेत चार दानांपैकी औषधदान हे एक. समाजाच्या न्यासांनी दवाखाने काढले, आपण यथाशक्ती देणग्या दिल्या, भिंतीवर नावे लागली. हे सारे चांगलेच आहे. परंतु ज्या ठिकाणी औषध आहे, डॉक्टर आहेत, शुल्कही नाही वा थोडे आहे, तिथपर्यंत एखाद्या मुलाला पोचवणे हे औषधदानात मोडते की नाही, याचा विचार मी कधी केला नव्हता. आमच्या सोसायटीत माझ्यासारखे निवृत्त एकोणीस जण आहेत. सकाळी बागेत आमचे बोलणे रक्तदाब आणि ठेवींचे व्याजदर यांपलीकडे फारसे जात नाही.

म्हणून वाचकांना काही साध्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरातल्या मुलाचे तोंड, ते कितीही उंच झाले असले तरी, वर्षातून दोनदा उजेडात उघडून पाहा. मागच्या दाढेवर काळी रेघ वा खड्डा दिसला तर दुखण्याची वाट पाहू नका. बँकेत हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते, पण शहाणा अधिकारी पहिला हप्ता चुकतो तेव्हाच फोन करतो. मूल काही सांगेल तर आधी ऐका, उपदेश दुसऱ्या दिवशी करा. आपली मुले खाजगी शाळेत असतील तर तिथे दंततपासणी होते का, हे पालकसभेत विचारा. आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्यांची मुले पालिकेच्या वा अनुदानित शाळेत असतील तर त्यांना एकदा विचारा की शाळेत डॉक्टर आले होते का, आणि त्यांनी काही चिठ्ठी दिली होती का. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ही नावे आपण रोज ऐकतो. आपल्या जवळच्या ठिकाणी दातांसाठी कोणत्या दिवशी, किती वाजता जायचे, हे एकदा जाऊन विचारून यायला एक सकाळ पुरते. तेवढे कागदावर लिहून सोसायटीच्या फलकावर लावले तरी कोणाचा एक खाडा वाचेल.

मी तसा कागद लावला आहे. अक्षर जुन्या पद्धतीचे, खातेवहीतले आहे. मुले हसतात, पण वाचतात.

गेल्या आठवड्यात ताईंची मुलगी अभ्यास संपवून निघताना दारात घुटमळली. तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीलाही तशीच चिठ्ठी मिळाली आहे. तिची आई कंपनीत पॅकिंगला जाते, बाबा रिक्षा चालवतात. "आजोबा," ती म्हणाली, "तिच्या बाबांना मी तुमचा नंबर दिला तर चालेल? पहिल्या दिवशी ते येतील सहीला. पण नंतरच्या मंगळवारी तुम्हाला वेळ आहे का?"

मी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. मंगळवारच्या चौकोनात गॅसची नोंद होती, बाकी काही नव्हते.